वर्गाची खिडकी: उघडली कुणी, मिटली कुणी?

१/
आजचा धागा वर्गातल्या हवेविषयी आहे. आपण प्रत्येकाने ती दहा-बारा वर्षे घेतली, पण शाळेच्या कोणत्याही दप्तरात तिची नोंद झाली नाही. वर्गाच्या खिडक्या उघड्या असाव्यात की मिटलेल्या, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा वाद आहे. त्यात क्षय आहे, गोवर आहे, तेलाची टंचाई आहे आणि आपले मद्रासही आहे.

२/
आधी थोडे शरीरशास्त्र. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते. त्याची फुप्फुसे किशोरवयापर्यंत वाढत असतात आणि श्वासनलिका अरुंद असतात. त्यामुळे थोड्याशा सुजेनेही त्याला धाप लागते. घराखालोखाल मुलाचा सर्वाधिक वेळ वर्गात जातो, आणि वर्गात दर माणशी जागा कचेरीपेक्षा बरीच कमी असते. म्हणून बंद खोलीतल्या हवेचा पहिला फटका शाळेतल्या मुलांना बसतो.

३/
वर्गातली हवा मोजायची कशी? या प्रश्नाचे पहिले टिकाऊ उत्तर म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये दिले. उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवा बदलत नसेल तर तो खोलीत साठत जातो. दहा लाख भागांत त्याचे प्रमाण १००० भागांच्या पुढे गेले की खोली राहण्यास अयोग्य समजावी, असे त्यांनी सुचवले.

४/
इथे एक बारकावा आहे आणि पुढचा सगळा घोळ तो विसरल्यामुळे झाला. इतक्या प्रमाणात हा वायू स्वतः घातक नसतो, हे पेटेनकोफर यांना ठाऊक होते. त्यांच्या लेखी तो केवळ खुणेचा दगड होता: आपण इतरांचा सोडलेला श्वास किती घेत आहोत, हे तो सांगतो. उच्छ्वासात या वायूचे प्रमाण सुमारे चार टक्के असते. त्या हिशेबाने आजच्या एखाद्या वर्गात मापकाचा आकडा २००० दिसला, तर दर पंचवीस श्वासांमागे साधारण एक श्वास वर्गातल्या कुणीतरी आधीच घेऊन सोडलेला असतो.

५/
शाळांची पहिली मोठी तपासणी स्कॉटलंडमधल्या डंडी या ताग-गिरण्यांच्या शहरात झाली. रसायनशास्त्रज्ञ थॉमस कार्नेली, शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन आणि शहराचे आरोग्य अधिकारी अँडरसन या तिघांनी गरिबांच्या एकखणी खोल्यांपासून शाळांपर्यंत हवेचे नमुने गोळा केले. त्यांचा प्रबंध १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या खिडक्यांवर विसंबलेल्या शाळा आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या शाळा यांची त्यांनी तुलना केली. यंत्राच्या शाळांत कार्बन डायऑक्साइड कमी होता आणि हवेतले जंतू तर कित्येक पटींनी कमी होते.

६/
यंत्र जिंकले याचे कारण साधे आहे. स्कॉटलंडच्या थंडीत खिडकी कागदावर उघडी असते, प्रत्यक्षात मिटलेली. हवा आत आणण्याचे काम शिक्षकाच्या मर्जीवर आणि मुलांच्या सोशिकपणावर सोडले की ते होत नाही. या तिघांनी शाळांसाठी १३०० भागांची मर्यादा सुचवली. आजही अनेक वर्गांना ती पाळता येत नाही.

७/
मात्र त्या काळी हवा शुद्ध का हवी, याचे उत्तर डळमळीत होते. रोग कुजकट हवेतून होतात हा जुना समज अजून जिवंत होता. पेटेनकोफर यांचाही केवळ जंतूंमुळे पटकी होते यावर विश्वास नव्हता. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी १८९२ मध्ये त्यांनी पटकीच्या जंतूंचे द्रावण चक्क पिऊन दाखवले, आणि ते बचावले! पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार आणि दार्सोन्व्हाल यांनी माणसाच्या उच्छ्वासातच एक सेंद्रिय विष असते, असा दावा केला. इतरांना ते विष कधीच सापडले नाही.

८/
दरम्यान रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. शत्रूला नाव मिळाले, पण औषध मिळण्यास आणखी सहा दशके लागायची होती. तोवर डॉक्टरांच्या हाती तीनच गोष्टी होत्या: विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा. युरोपच्या डोंगरांत सॅनिटोरियमे उभी राहिली. आपल्याकडे पाचगणीला आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला तीच परंपरा आली. मराठीतला ‘हवापालट’ हा शब्द त्या पिढीच्या तोंडी औषधाच्या नावासारखाच असे.

९/
पण मुलांना सॅनिटोरियममध्ये ठेवले तर शिक्षणाचे काय? बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग नगराने १ ऑगस्ट १९०४ रोजी याचे उत्तर म्हणून पाइनच्या रानात ‘वनशाळा’ उघडली. बालरोगतज्ज्ञ बेर्नहार्ड बेंडिक्स आणि शाळा निरीक्षक हेर्मान नॉयफेर्ट हे तिचे प्रवर्तक. रक्तक्षयी, क्षयाच्या छायेतली, वारंवार आजारी पडणारी मुले तिथे दिवसभर राहत. धडे आखूड असत, जेवण भरपूर असे आणि दुपारी झाडांखाली सक्तीची झोप असे.

१०/
ही कल्पना वेगाने पसरली. १९०७ मध्ये लंडनच्या बोस्टॉल वुडमध्ये तशी शाळा निघाली. जानेवारी १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात एलेन स्टोन आणि मेरी पॅकार्ड या दोन महिला डॉक्टरांच्या प्रयत्नांतून एका जुन्या विटांच्या शाळेत उघडा वर्ग सुरू झाला. वर्गाची एक भिंत पाडून तिथे छतापर्यंत खिडक्या बसवल्या आणि त्या न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यातही उघड्या ठेवल्या. मुले जाड पिशव्यांत पाय गुंडाळून बसत आणि पायांशी तापवलेले दगड ठेवलेले असत.

११/
या मुलांची वजने वाढली, तब्येती सुधारल्या असे त्या काळचे अहवाल सांगतात. पुढे न्यूयॉर्कमध्ये जुन्या फेरीबोटींवरही वर्ग भरले. ॲमस्टरडॅममध्ये यान डाउकर यांनी १९३० मध्ये काच, काँक्रीट आणि मोकळ्या सज्जांची जी शाळा बांधली, ती आजही वास्तुकलेचे विद्यार्थी पाहायला जातात.

१२/
इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या मुलांना हवेबरोबर दूध, गरम जेवण, झोप आणि डॉक्टरांची नित्य तपासणीही मिळत होती. मग गुण कशाचा आला? तुलनेसाठी तेच जेवण आणि मिटलेल्या खिडक्या असा दुसरा वर्ग कुणी ठेवला नव्हता. उघड्या हवेची बाजू मनाला पटणारी होती, पण ती सिद्ध झालेली नव्हती. पुढे हेच तिच्या अंगावर आले.

१३/
आता योगायोग पाहा. ज्या प्रॉव्हिडन्समध्ये हा उघडा वर्ग भरत होता, त्याच शहराचे आरोग्यप्रमुख होते चार्ल्स चॅपिन. १९१० मध्ये त्यांनी संसर्गाच्या मार्गांवर एक ग्रंथ लिहिला. बहुतेक संसर्ग स्पर्शातून आणि जवळून उडणाऱ्या थुंकीच्या तुषारांतून होतात, हवेतून दूरवर होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची काळजी व्यवहारी होती: रोग हवेतून येतो असे लोकांनी एकदा मानले की हात धुण्यासारख्या साध्या उपायांवरचा त्यांचा विश्वास उडेल.

१४/
चॅपिन यांचे निम्मे म्हणणे खरेच होते. कुजकट वासाने रोग होतात ही जुनी भीती घालवणे आवश्यक होते. पण ती भीती घालवताना, हवेत तरंगणाऱ्या जंतूंमुळेही रोग होऊ शकतो ही शक्यता तिच्याबरोबरच बाहेर गेली. त्यांचा ग्रंथ सार्वजनिक आरोग्याच्या दोन पिढ्यांनी प्रमाण मानला.

१५/
दुसरा घाव ब्रेस्लाऊहून आला. १९०५ मध्ये कार्ल फ्ल्यूगे यांच्या प्रयोगशाळेत माणसांना बंद पेटीत बसवण्यात आले. आतल्या माणसाला नळीतून बाहेरची ताजी हवा दिली तरी त्याची घुसमट थांबेना. उलट बाहेरच्या माणसाने नळीतून पेटीतली शिळी हवा घेतली तरी त्याला काही होईना. पेटीत पंखा लावला की आतल्याला बरे वाटे. निष्कर्ष असा निघाला की कोंदट खोलीतला त्रास उष्म्याचा आणि दमटपणाचा असतो, उच्छ्वासातल्या विषाचा नव्हे.

१६/
प्रयोग अचूक होता, पण त्याचा अर्थ गरजेपेक्षा जास्त ताणला गेला. घुसमट कशाने होते हे त्याने सांगितले. संसर्ग कशाने होतो याविषयी तो काहीच सांगत नव्हता. तरीही वायुवीजन हा विषय हळूहळू डॉक्टरांच्या हातून अभियंत्यांच्या हाती गेला, आणि आरोग्याचा होता तो सुखसोयीचा झाला. सुखसोय म्हटली की तिच्यात काटकसर करता येते.

१७/
१९३० च्या दशकात विल्यम फर्थ वेल्स या अभियंत्याने जुना प्रश्न नव्याने उकरून काढला. खोकल्यातून उडालेला मोठा तुषार जमिनीवर पडतो, पण लहान तुषार पडण्याआधीच हवेत सुकतो आणि त्याचा उरलेला सूक्ष्म कण जंतूसह तासन् तास तरंगत राहतो, असे त्यांनी १९३४ मध्ये मांडले. म्हणजे हवेतून संसर्ग होतो. मात्र वास येतो म्हणून तो होत नाही. दिसत नाही असे काहीतरी हवेत तरंगत असते म्हणून होतो.

१८/
वेल्स आणि त्यांच्या पत्नी डॉ. मिल्ड्रेड वीक्स वेल्स यांनी ही कल्पना शाळांत तपासली. फिलाडेल्फिया परिसरातल्या काही वर्गांत त्यांनी छताजवळ जंतुनाशक अतिनील दिवे लावले, काही वर्ग तसेच ठेवले. १९४१ मध्ये गोवराची साथ आली तेव्हा दिवे नसलेल्या वर्गांत, आधी गोवर न झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना लागण झाली. दिव्यांच्या वर्गांत हे प्रमाण त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकेच राहिले. उघड्या हवेच्या शाळांत जी तुलना राहून गेली होती, ती इथे प्रथम झाली.

१९/
पण इतरांनी हाच प्रयोग अन्य गावांत केला तेव्हा फरक फारसा दिसला नाही. मुले वर्गाबाहेर, बसमध्ये, घरी एकमेकांना भेटतच होती आणि तिथे दिवे नव्हते. वर्गात संसर्ग रोखला तरी तो दुसरीकडे गाठतच होता. यावरून ‘हवेचा सिद्धांत फसला’ असा अर्थ काढण्यात आला आणि वेल्स बाजूला पडले.

२०/
आता १९५९ या सालाकडे नीट पाहा. या एका वर्षात क्षयाविषयी दोन संशोधने प्रसिद्ध झाली. पहिले आपल्या मद्रासचे. १९५६ मध्ये तिथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून क्षयचिकित्सा केंद्र काढले. १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरीच ठेवून वर्षभर तीच औषधे दिली. दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे आले.

२१/
हे भारताने जगाला दिलेले मोठे देणे आहे. ज्या देशात लाखो क्षयरोग्यांसाठी खाटा नव्हत्या, तिथे घरच्या घरी उपचार होऊ शकतात हे सिद्ध झाले. सॅनिटोरियमचे युग संपले, आणि त्याच लाटेत उघड्या हवेच्या शाळाही इतिहासजमा झाल्या. औषधाच्या गोळीपुढे हवापालट हरला.

२२/
दुसरे संशोधन बाल्टिमोरचे. वेल्स यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी सहा खोल्यांच्या क्षय विभागातली हवा नळांतून वरच्या पिंजऱ्यांत नेली. तिथे सुमारे दीडशे गिनीपिग होते. त्यांचा रुग्णांशी स्पर्श नाही, जवळीक नाही, फक्त हवा तीच. महिन्याला सरासरी तीनच्या आसपास गिनीपिगांना क्षयाची लागण होत राहिली. पुढच्या टप्प्यात तीच हवा अतिनील प्रकाशातून नेलेल्या पिंजऱ्यांत एकालाही लागण झाली नाही.

२३/
मद्रासने सांगितले की मोकळी हवा क्षय बरा करत नाही. बाल्टिमोरने सांगितले की बंद हवा क्षय पसरवते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. उपचार आणि प्रतिबंध हे वेगवेगळे प्रश्न आहेत. पण औषध हाती आलेल्या जगाला पहिलेच उत्तर पुरेसे वाटले. दुसरे उत्तर क्षयरुग्णालयांच्या आवारातच राहिले. शाळेच्या फाटकापर्यंत ते पोचलेच नाही.

२४/
शाळांत नेमके उलटे घडत होते. १८९५ च्या सुमारास अमेरिकी अभियंत्यांचा दंडक दर माणशी मिनिटाला ३० घनफूट ताज्या हवेचा होता. तो उतरत गेला. १९७३ च्या तेलसंकटानंतर बाहेरची हवा तापवणे किंवा थंड करणे म्हणजे पैसा जाळणे ठरले. इमारती हवाबंद होऊ लागल्या. १९८१ च्या प्रमाणकात वर्गासाठी दर माणशी अवघे ५ घनफूट उरले. तक्रारी वाढल्यावर १९८९ मध्ये ते पुन्हा १५ करावे लागले.

२५/
याची किंमत दिसायला फार वेळ लागला नाही. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत दुसरीतल्या एका मुलीला गोवर झाला. शाळेतल्या ९७ टक्के मुलांना लस दिलेली होती. तरीही त्या एका मुलीपासून १४ वर्गांतल्या २८ मुलांना लागण झाली आणि साथ संपेपर्यंत आकडा ६० वर गेला. यातली बरीच मुले तिच्या वर्गात कधी बसलीच नव्हती. शाळेची यंत्रणा हवा ओढून घेऊन तिचा मोठा भाग पुन्हा सगळ्या वर्गांत सोडत होती. डंडीत मुलांचे रक्षण करणारे यंत्र इथे रोगाचे वाहन झाले होते, कारण ताजी हवा आत आणण्याचे त्याचे मूळ कामच त्याने सोडले होते.

२६/
रायली यांनी या साथीचा हिशेब मांडून १९७८ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केले: खोलीत संसर्ग सोडणारे किती, वेळ किती, ताजी हवा किती, यांवरून लागणीची शक्यता काढता येते. ते आज वेल्स आणि रायली या गुरुशिष्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यानंतरही चार दशके ते तज्ज्ञांच्या पुस्तकांतच राहिले.

२७/
मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे ठामपणे जाहीर केले. जगभर शाळांनी बाके पुसली, हात धुवायला लावले, काचेसारखे पडदे उभे केले. चॅपिन यांची सावली ११० वर्षांनंतरही इतकी लांब होती. हवेतून होणाऱ्या प्रसाराची संघटनेने पुढच्या वर्षी स्पष्ट कबुली दिली. तोवर कोट्यवधी मुलांचे शाळेचे वर्ष बुडाले होते.

२८/
मग इटलीच्या मार्के प्रांतात १०,००० हून अधिक वर्गांची तुलना झाली. त्यांतल्या ३१६ वर्गांत यंत्राने ताजी हवा खेळवली जात होती. जिथे प्रवाह पुरेसा होता तिथे कोविडच्या लागणीचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळला. डंडीच्या तिघांनी १८८७ मध्ये जंतू मोजून जी दिशा दाखवली होती, तिच्यावर १३५ वर्षांनी शिक्कामोर्तब झाले.

२९/
आता आपल्या वर्गांकडे येऊ. समोरासमोर खिडक्या, उंच छत, वर झरोके आणि बाहेर व्हरांडा अशी जुन्या शाळांची रचना हवा आरपार जाण्यासाठी होती. शहरांतल्या नव्या शाळांत वातानुकूलित वर्ग ही जाहिरातीची बाब झाली आहे. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून तो पुन्हा खोलीत सोडतो. गारव्यामुळे घुसमट जाणवत नाही, म्हणून खिडकी उघडावीशीही वाटत नाही. ब्रेस्लाऊच्या पेटीतला पंखा तो हाच.

३०/
आणि खिडकी उघडली तर? पेटेनकोफर यांनी बाहेरची हवा स्वच्छ धरली होती. हिवाळ्यातली दिल्ली किंवा बांधकामांच्या धुळीतली मुंबई ते धरू देत नाही. सूक्ष्म धूलिकणांनी दमा बळावतो आणि वाढत्या फुप्फुसांची क्षमता खुंटते. म्हणून आज वर्गाला दोन मापके हवीत: आतल्या श्वासासाठी कार्बन डायऑक्साइडचे आणि बाहेरच्या धुरासाठी धूलिकणांचे. गाळणी धूलिकण आणि जंतू अडवते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. खिडकी तो कमी करते, पण धूळ आत आणते. दोन्हींचा मेळ घालणे हे या पिढीचे काम आहे.

३१/
या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उघड्या खिडकीचा नियम चुकीच्या कारणासाठी स्वीकारला गेला होता. ते कारण खोटे ठरताच नियमही फेकला गेला, आणि खरे कारण सापडले तेव्हा ते ऐकायला कुणी थांबले नव्हते. एखादी जुनी समजूत खोटी ठरली म्हणून तिच्या आधाराने उभी राहिलेली प्रत्येक सवय खोटी ठरत नाही. ती सवय स्वतंत्रपणे तपासावी लागते.

३२/
पटकीनंतर जगाने नळाचे पाणी तपासण्याचे कायदे केले. भेसळीनंतर अन्न तपासण्याचे केले. मूल दिवसाला काही हजार लिटर हवा घेते, आणि तिचा मोठा वाटा शाळेच्या वेळात जातो. तरीही वर्गातल्या हवेचा आकडा पालकसभेत क्वचितच कुणी विचारतो. म्युनिकमध्ये १८५८ मध्ये तो काढायला रसायनशास्त्रज्ञ लागला होता. आज मुठीत मावणारे मापक तो क्षणात दाखवते. आपल्या शाळेत, महाविद्यालयात किंवा शिकवणीच्या वर्गात तो किती येतो, ते एकदा मोजून पाहा.

धागा समाप्त.